परतलाटेचा कोपरा

बंडाबर्ग, ४ मे

ती. सेल्विनमामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर माणूस 'बरं आहे' एवढंच बोलतो, खरं ऐकायचं असेल तर त्याच्या हाती कागद द्यावा, हे तुमचंच म्हणणं. म्हणून कागद घेतला आहे. फोटो काढून पाठवते, म्हणजे तुम्हाला टपालाची वाट बघायला नको.

मागच्या पत्रात कळवलं होतं की रताळ्यांच्या पॅकिंग शेडमधली नोकरी फेब्रुवारीत सोडली. सहा वर्षं त्या पट्ट्यासमोर उभी होते. आता केवड्याच्या विणकामाचे धडे मोबाइलवर चित्रित करते आणि एका साइटवर विकते. चारशेवर बायका झाल्या आहेत. सिडनीच्या आहेत, न्यूझीलंडच्या आहेत, एक तर बर्फाच्या देशातली आहे, ती दस्ताने घालून विणते. सगळ्यात जास्त खपते ती आपली परतलाट, कडेला जाऊन मागे वळणाऱ्या लाटेची वीण.

तर आता काळजीचं. एका बाईने कळवलं की हाच धडा दुसरीकडे निम्म्या किमतीत मिळतो. मी पाहिला. टूवूंबाची जिलियन नावाची बाई आहे. माझ्या पहिल्या तुकडीत शिकली, चांगले प्रश्न विचारायची. तिने माझा व्हिडिओ उचललेला नाही, ते सोपं झालं असतं. तिने स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हातांनी तोच धडा पुन्हा केला आहे. क्रम तोच, शब्द तेच, थांबते तिथेच. मी साइटकडे तक्रार केली. जिलियनने उत्तर दिलं की व्हिडिओ तिचा स्वतःचा आहे, आणि वीण बेटावरची जुनी आहे, जुनी म्हणजे कुणाचीच नाही.

साइटने मला ३१ मेपर्यंत मुदत दिली आहे. वीण कुणाच्या मालकीची ते दाखवा. दाखवता आलं नाही तर माझी तक्रार खोटी धरणार, आणि खोट्या तक्रारीबद्दल माझं खातंच बंद होऊ शकतं. मग पुन्हा रताळी.

तुम्ही एवढंच करा. आपल्या बेटावर लामोरूच्या गावप्रमुखांकडून एक कागद आणा, शिक्का मारून, की परतलाट आपल्या घराण्याची आहे. तुमचा शब्द गावात कुणी मोडत नाही.

तुमचा पाय कसा आहे? मीठ कमी करा म्हटलं तर तुम्ही त्या गुंगीच्या मुळीचा कावा वाढवता, हे मला इथे बसून दिसतं.

तुमची माया अशीच राहू द्या.
तुमची भाची,
युनिस


लुगनविल, ८ मे

चि. युनिस हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, एकदा मामा म्हणून आणि एकदा दुकानदार म्हणून. मामाला राग आला. दुकानदाराला मात्र झोप येईना, पण रागाने नव्हे.

मी धक्क्यावर खोबऱ्याची पोती वाहून सुरुवात केली हे तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. तांदळाचं पोतं विकलं की दुकानात एक पोतं कमी होतं. माशाचा डबा गेला की फळीवर भोक पडतं. तू मात्र एकच धडा चारशे जणींना विकलास आणि तुझ्या फळीवर धडा आहे तसाच. असला माल मला आयुष्यात मिळाला नाही. तो कुठे साठवतात, त्याला उंदीर लागतात का, आणि जो माल विकूनही जात नाही तो चोरला म्हणजे नेमकं काय गेलं, हे मला नीट समजावून लिही. चेष्टा करत नाही. काल नाकामालच्या कट्ट्यावर सगळ्यांबरोबर कावा पिताना मी हाच प्रश्न टाकला, तर दोन जण भांडून उठले आणि एक जण अजून विचार करतो आहे.

आता कागदाचं. गावप्रमुख एडविन माझा मित्र आहे आणि त्याचा शिक्का त्याच्याहून जास्त फिरतो. मी दोन खोकी मासे पाठवले तर समोरची खाडी सेल्विनच्या मालकीची आहे असंही तो लिहून देईल. अडचण तीच आहे. जो शिक्का इतका सहज मिळतो, तो टूवूंबाच्या बाईलाही मिळेल. तिच्याकडे मासे माझ्यापेक्षा जास्त असतील.

म्हणून आधी मला एक सांग. परतलाट तुला दिली कुणी? तुझी आई, माझी बहीण, देव तिला सुखात ठेवो, ती चांगली विणायची, पण तिच्या आईला मी कधी परतलाट विणताना पाहिलं नाही. आपल्या घराण्याची म्हणतेस ती कधीपासून? मला आठवतं ते असं, की तुम्ही दोघी मायलेकी हिल्डामावशीच्या पडवीत पडीक असायच्या.

पाय तसाच आहे. कावा तसाच आहे. दोघांचं आपसात बरं चाललं आहे.

खरं ते लिहावं, जेवण वेळेवर करावं, आणि मामाला विसरू नये.
सेल्विन


बंडाबर्ग, ११ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून कान गरम झाले. तुमच्यापासून काही लपत नाही.

हिल्डाआजीकडूनच शिकले. मी नऊ वर्षांची होते. आई तिच्या पडवीत पाती सोलायला मदत करायची, मी शेजारी बसून बघायची. आजीने मला हाकललं नाही, उलट हात धरून दोनचार रांगा घालून दाखवल्या. आई म्हणायची की डुक्कर देऊ, वीण रीतसर घेऊ, या वर्षी नाही तर पुढच्या. मग आई गेली, मी इकडे आले. डुक्कर राहून गेलं. इतक्या वर्षांत मला वाटू लागलं की हाताला येतं म्हणजे आपलंच आहे.

इथे वाचनालयात फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई बसते, तिला भेटले. ती म्हणाली की व्हिडिओ तुझा, त्याला कायदा आहे. विणीला मात्र मालक दाखवता आला तरच काही बोलता येईल, कारण कायदा पुस्तक ओळखतो, गाणं ओळखतो, पण ज्या गोष्टीचा करणारा कोण ते माहीत नाही तिच्यासमोर तो डोकं खाजवत बसतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्याकडूनच घेतलं. चोरीला धडा जात नाही, तो कुणाला द्यायचा हे ठरवण्याचा हक्क जातो. उंदीर लागत नाहीत. जिलियन लागते.

पण मामा, एक मोठा पुरावा सापडला आहे. माझ्या विद्यार्थिनींची एक तक्रार असते की वर्षभर वापरल्यावर परतलाटेची चटई एका कोपऱ्यात उसवते. मला वाटायचं इथली हवा कोरडी, पाती लवकर मरतात. काल जिलियनच्या धड्याखालच्या प्रतिक्रिया वाचत बसले, तर तिच्याही बायका तेच म्हणतात. त्याच कोपऱ्यात, त्याच रांगेला! म्हणजे तिने ती माझ्याकडूनच घेतली. गावातली एखादी बाई तिला शिकवती तर तिची वेगळी खोड दिसली असती. माझी चूक तिच्या हातात आहे, याहून पक्कं काय हवं?

आता फक्त हिल्डाआजीकडून दोन ओळी आणा की वीण तिने मला दिली. जहाजाचं भाडं मी देते. वीस दिवस उरले आहेत.

म्हातारीला माझा नमस्कार सांगा, आणि तुम्हीही रागावू नका, निदान पत्र येईपर्यंत तरी.
युनिस


लामोरू, २० मे

चि. युनिस हिस,
अनेक आशीर्वाद.

जहाजाने रात्रभर घुसळून इथे आणून टाकलं. हे पत्र शाळेच्या टेकडीवर बसून लिहितो आहे, कारण फोटो पाठवायला रेंज इथेच येते. खाली हिल्डामावशीचं घर दिसतं. तीन दिवस तिच्या पडवीत बसलो. पहिल्या दिवशी तिने माझ्या पायाबद्दल विचारलं, दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातल्या भावांवरून मला धुतलं, तिसऱ्या दिवशी मी का आलो ते विचारलं.

मी सगळं सांगितलं. मोबाइलवर तुझा धडाही दाखवला. मावशीने तो कपाळाला लागेल इतका जवळ धरून पाहिला. तुझे हात पाहून म्हणाली की बोटं आईसारखी आहेत, घाई पण आईसारखीच. मग मी कोपरा उसवण्याची गोष्ट सांगितली, आणि तुझा तो पक्का पुरावा मोठ्या ऐटीत पुढे ठेवला.

पोरी, म्हातारी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "कोपरा डुकराने मिटतो, हे तिला कुणी सांगितलं नाही?"

मला तरी कुठे माहीत होतं? बायकांच्या विणीत पुरुषाने कान घालायचा नसतो. नुसतं बघून शिकणाऱ्या मुलीला त्या सगळी वीण दाखवतात, फक्त शेवटची रांग उघडी ठेवतात. दिसायला काही कमी दिसत नाही. जिने डुक्कर दिलं, गावाला जेवण घातलं, तिला ती रांग मिटवायला शिकवतात. उसवलेला कोपरा बघून कुठलीही म्हातारी लांबूनच सांगते की वीण घेतलेली आहे का उचललेली. मी इथल्या आपल्या घरी जाऊन तुझ्या आईची चटई उलगडली. त्या कोपऱ्यावर तिने फुलाफुलांच्या कापडाचं ठिगळ लावलं आहे. मी तीस वर्षं ते शोभेचं समजत होतो.

म्हणजे तुझा पुरावा पक्का आहे, पण त्याला दोन तोंडं आहेत. एक टूवूंबाकडे बघतं, एक बंडाबर्गकडे.

आणि बघ, माझा प्रश्न तू वकिलापर्यंत नेलास, उत्तर या पडवीत होतं. मावशीने वीण दिली तरी ती मावशीपाशी तशीच राहते. फळीवर भोक पडत नाही. मी ज्या मालाचं नवल करत होतो तो आमच्या बायका माझ्या नाकाखाली कित्येक पिढ्या विकत आल्या आहेत. त्यांची नोंदवही म्हणजे ज्यांनी डुक्कर खाल्लं ती तोंडं. त्यातलं एखादं मेलं तरी बाकीची बोलतात.

आता मावशीचं म्हणणं जसंच्या तसं, तिच्या तोंडचं रेकॉर्डिंगही सोबत पाठवतो. वीण तिची आहे, तिच्या आईने वळलेल्या सुळ्यांची दोन डुकरं देऊन घेतली, हे ती कुणालाही सांगेल, तुझ्या साइटलाही. पण तुला दिली असं सांगणार नाही, कारण दिलेली नाही. खोटं बोलायचं आता वय राहिलं नाही म्हणते. तिची परवानगी हवी असेल तर तू आधी धडा काढून घे, घरी ये, डुक्कर दे, मग बघू.

चारशे बायकांचा आकडा ऐकून तिने हातातली पाती खाली ठेवली. मग तिने विचारलं की त्या तिच्या मयताला येणार आहेत का. कारण जी वीण घेते ती प्रेताजवळ एक रात्र बसते आणि चटई आणते, अशी रीत आहे. मी मनातल्या मनात चारशे माणसांसाठी पानांत भाजायच्या लापलापला किती रताळी आणि किती नारळ लागतील याचा हिशेब घातला आणि विषय बदलला.

एडविनचा शिक्का अजून मिळू शकतो. मामा म्हणून सांगणं माझं काम आहे, म्हणून सांगितलं. आणायला मात्र मी जाणार नाही. ठरव तू.

शहाणी हो किंवा होऊ नको, आमची तर तूच आहेस.
सेल्विन


बंडाबर्ग, २ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पहिले चार दिवस तुमच्यावर रागावले होते, पुढचे चार आईवर, आणि मग रागवायला मी एकटीच उरले.

खरं सांगते, मी तुम्हाला वगळून एडविनकाकांना निरोप धाडला होता. ते तयार होते. त्यांनी मजकूरही मलाच लिहायला सांगितला. मी लिहायला बसले की परतलाट ही ताबी घराण्याची परंपरागत वीण असून, आणि पुढे हात जाईना. समोर माझीच जुनी चटई अंथरलेली होती, कोपरा वर करून.

तीस तारखेला साइटचा फॉर्म भरला. त्यात प्रश्न होता, आपण मूळ मालक आहात किंवा मालकाची परवानगी आपल्याकडे आहे का. हो आणि नाही अशा दोनच चौकटी. मी नाही केलं. खाली थोडी जागा होती तिथे लिहिलं की मालकीण लामोरूची हिल्डा आहे, जिलियनने माझ्याकडून घेतली, मी हिल्डाकडून, दोघींनीही न विचारता, आणि पुरावा दोघींच्या कोपऱ्यात आहे. आजीच्या तोंडचं तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग जोडलं.

काल निकाल आला. तक्रार खरी ठरली, खातं शाबूत राहिलं. दोन्ही धडे मात्र काढून टाकले, तिचाही आणि माझाही. खात्यावर आता साधी टोपली आणि पंखा एवढंच उरलं आहे. ते कुणी घेत नाही.

चारशे जणींना मी पत्र धाडलं, का काढला ते न लपवता. काहींनी पैसे परत मागितले, ते देते आहे. बऱ्याच जणी गप्प आहेत. त्या बर्फातल्या बाईने मात्र विचारलं की डुक्कर केवढं असतं.

सोमवारपासून पुन्हा शेडमध्ये. मुकादमाने काही विचारलं नाही, जुनाच ॲप्रन काढून दिला. दोन पगार झाले की जुलैत येते. तुम्ही डुक्कर बघून ठेवा. सुळा नीट वळलेला हवा, तुमच्या ओळखीतलं स्वस्तातलं नको.

तुम्ही तेव्हा शिक्का आणायला जाणार नाही म्हणालात, त्याबद्दल आत्ता मनापासून नमस्कार.
युनिस


लामोरू, १३ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

ऐन वेळी पाय सुजवून तुम्ही लुगनविललाच राहिलात. इथे सगळे म्हणतात सेल्विनला डुकराची किंमत ऐकून सूज आली. मी तुमची बाजू घेतली, फार जोरात नाही.

शनिवारी डुक्कर दिलं. मैदानात उभी राहिले आणि गावासमोर बोलावं लागलं. बाई काय घेते आणि कुणाकडून घेते हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं असतं, हे मला आदल्या दिवशी कळलं. मी सांगितलं की मी ही वीण आधी विकली आणि आता घेते आहे. कुणी हसलं नाही, ते जास्त जड गेलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली की आमच्या काळी निदान एवढ्या लांब नेऊन विकत नव्हतो, आणि मग सगळेच हसले. जेवणं झाली. एडविनकाका दोनदा वाढून घेऊन गेले. साक्षीदार पक्के झाले.

रविवारी प्रार्थनेनंतर आजीने मला आत घेतलं, दार ओढलं, आणि कोपरा दाखवला. तो कसा, ते इथे लिहीत नाही. कागदाचाही फोटो निघतो. एवढंच सांगते की वीस वर्षं मी ज्या रांगेला शेवट समजत होते ती शेवटच्या आधीची होती. एकदा मिटला की ओढून बघितला तरी हलत नाही. मी ओढतच राहिले, शेवटी तिने चटई काढून घेतली.

परवानगीही दिली, तिच्या पद्धतीने. वीण व्हिडिओत दाखवायला हरकत नाही, म्हणते पडवीत बसून बघणाऱ्या पोरीला मी कधी हाकललं का? कोपरा मात्र व्हिडिओत घालायचा नाही. जिला तो हवा तिने आपण कोण, कुठली, आणि कशाला हवा ते लिहून कळवायचं. आजी ऐकून ठरवणार. वाचून दाखवायला तुम्ही. तुमच्याशिवाय इतकं फावल्या वेळाचं माणूस तिला ठाऊक नाही. आणि जिला हो म्हणेल तिने डुकराच्या जेवणाला इथे यायचं.

मी म्हटलं, आजी, इतक्या लांब कोण येणार? ती म्हणाली मग चारशेतले साडेतीनशे त्रास तिथेच मिटले.

पायाला एरंडाची पानं बांधा. आजीचा निरोप आहे, माझा नव्हे, म्हणून ऐकाल.
युनिस


लामोरू, ९ सप्टेंबर

चि. युनिस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नवा धडा पाहिला. शेवटी तू जिथे थांबतेस आणि सांगतेस की माझा हात इथे थांबतो, पुढचा कोपरा हिल्डाचा आहे, तिथे माझ्या दुकानात उभ्या असलेल्या बाईने पिशवी खाली ठेवली. गिऱ्हाइकी आधीच्या निम्मी आहे असं लिहितेस. असू दे. दुकान हळू चाललं तर निदान मालकाला गिऱ्हाइकाचं तोंड दिसतं.

तू पाठवलेली अकरा पत्रं मिळाली. मी ती मावशीला आपल्या बोलीत वाचून दाखवली, दोन दुपारी. तिला या कामात इतकी गोडी लागली आहे की तिसऱ्या दुपारी तीच ती पत्रं पुन्हा वाचायला लावली. बर्फातल्या बाईला हो, कारण तिने मेलेल्या नवऱ्याच्या होडीत अंथरायला चटई विणली आहे. आणखी तिघींना हो. एका बाईने फक्त 'कोपरा पाठवा' एवढंच लिहिलं होतं, तिला मावशीने विचारायला सांगितलं की तुला आई नाही का.

अकरावं पत्र जिलियनचं होतं. तू त्यावर चिठ्ठी डकवली होतीस, की मामा, हे वाचू नका, तिने मला रताळ्यांत परत पाठवलं.

मी वाचलं. दारात आलेलं माणूस मी कधी लपवलेलं नाही, आणि या वयात सुरू करणार नाही. चार पानं आहेत. ती लिहिते की जे जाळ्यावर दिसतं ते सगळ्यांचंच असा तिचा समज होता, आणि तुझा फॉर्म वाचेपर्यंत हिल्डा नावाचं कुणी असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिच्या बायका तिच्यावर चिडल्या आहेत. तिने सगळ्यांचे पैसे परत केले. घरातल्या तिच्या सहा चटया त्याच कोपऱ्यात उसवल्या आहेत, आणि तिला त्या ठिगळ लावून वापरायच्या नाहीत.

मावशी बराच वेळ पाती सोलत राहिली. मी तुझी बाजू मांडली, भांडूनच मांडली. तुझं काम गेलं ते सांगितलं, निम्मी किंमत सांगितली. म्हटलं, मावशी, ही चोर आहे. तेव्हा ती मान वर न करता बोलली.

"मग युनिसची माझी नीट ओळख कशी झाली?"

मी चारही पानांची घडी घातली. याचं उत्तर तुझ्यापाशी असेल तर कळव, मी परत भांडेन.

तिला हो सांगितलं आहे. नाताळात तिने इथे यावं, डुक्कर द्यावं आणि मैदानात उभं राहून बोलावं. पण मावशीची नजर आता अधू झाली आहे, बोटंही थरथरतात, जुलैत तुला दाखवला तो शेवटचाच असं ती म्हणते. म्हणून कोपरा जिलियनला तू शिकवायचा आहेस. तोपर्यंत आधीच्या रांगा तिच्याकडून नीट करून घे, असा हुकूम आहे. बरोबर तिचा पत्ता पाठवतो. हुकूम मोडणं तुझ्या हाती आहे, मला मात्र मावशीला तसं सांगायला लावू नकोस.

कठीण वाटेल. वाटलं तर माझ्यावर राग काढ, मी लांब आहे.
सेल्विन


बंडाबर्ग, १७ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आठवडाभर आजीच्या त्या प्रश्नाला उत्तर शोधलं. शेडमध्ये पट्ट्यावर रताळी पुढे जात होती आणि मी मनात तुमच्याशी भांडत होते. दोन चांगली उत्तरं सापडली होती. दोन्ही आजीसमोर टिकली नसती.

काल जिलियनला लिहिलं. तिचं लगेच उत्तर आलं. पुढच्या शनिवारी गाडीने येते म्हणते, पाच तासांची वाट आहे. घाबरली असावी, कारण तिने विचारलं की तुझ्या दारात मी कोण म्हणून यायचं.

मी कळवलं, लामोरूच्या मैदानात मी ज्या तोंडाने उभी राहिले होते, त्याच तोंडाने ये. केवडा आणू नकोस, इकडे आहे.

आजीला तेवढं सांगा, आणि तुमचा लोभ आहे तिथेच असू द्या.
युनिस